सात नंबरचा बोर्ड

चूक. तिसऱ्यांदा.

खालच्या मशीनने यादीत नावाच्या जागी गाव छापलं होतं आणि गावाच्या जागी जन्मसाल. वरच्या मजल्यावर मात्र तशीच भोकं पाडलेली कार्डं, तशाच तारांचा बोर्ड, आणि यादी अगदी शहाण्यासारखी.

वर बरोबर. खाली चूक. वर बरोबर. खाली—

"तुमच्या तारा चुकल्यात, मिस जाधव," मनमोहनसाहेब म्हणाले. "उद्या हरताळ. खालची यादीही आजच हवी. नाही तर तुम्हाला कायम करण्याचं पुन्हा बघू."

पुन्हा! अकरा महिने कौसल्या हंगामीच होती.

परळच्या या कचेरीत दोन विमा कंपन्या एक झाल्या होत्या, पण मजले दोनच राहिले. मशीनने काय कुठे छापायचं ते ठरतं बोर्डावरच्या तारांनी. कौसल्याने सात नंबरचे दोन नवे बोर्ड स्वतः जोडले होते आणि एकेक दोन्ही मजल्यांच्या कपाटात ठेवला होता. दोन्ही तारन् तार सारखे. मग?

ती तडक शामरावांकडे गेली. खालच्या मशीनला बोर्ड चढवायचं काम त्यांचंच.

"शामराव, हा सात कुठून काढलात?"

"खुंटयेवरना."

"खुंटीवर? अहो, तो मागच्या वर्षीचा, जुन्या कार्डांचा! माझा कपाटात आहे."

"माका कित्याक बोलतस, बाय? पाटी वाच."

पाटी: बोर्ड प्रथम खुंटीवर पाहावा. नसल्यास कपाटात. तेथेही नसल्यास माळ्यावर.

वरच्या मजल्यावरची पाटी: प्रथम कपाटात.

कौसल्याने कपाळावर हात मारला. खुंटीवर सात मिळाल्यावर हा माणूस कपाट उघडेल कशाला?

"साहेब, पाटी बदला."

"माझ्या सहीची आहे ती. बदलायला वरून मंजुरी लागते. पंधरा दिवस."

"मग जुना बोर्ड काढते."

"मोडीत काढायला वेगळी मंजुरी."

वेगळी. मंजुरी. तिला ओरडावंसं वाटलं. ती कपाटाशी गेली, आपला बोर्ड काढला आणि त्याच खुंटीवर जुन्याच्या पुढे अडकवला.

"शामराव, आता पाटीप्रमाणे शोधा."

शामरावांनी खुंटीवर हात घातला. पहिला हाती लागला तो काढला, चढवला. मशीन खडखडलं. नावाच्या जागी नाव, गावाच्या जागी गाव.

मनमोहनसाहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत बोटाने तपासली. "बघा! सूचनेप्रमाणे शोधलं की बरोबर निघतं. तुम्ही उगाच पाटीला दोष देत होता."

शामराव खाकरले. कौसल्याच्या जिभेवर चांगली चार वाक्यं आली होती. तिने ती गिळली आणि कायम करण्याचा कागद साहेबांपुढे सरकवला.

"हो साहेब. इथे सही."