मध्येच थांबवता येणारा खेळ

एका खोलीत दोन माणसं, दोन मोबाईल आणि चार्जिंगला प्लग मात्र एकच, म्हटल्यावर भांडण काही लांब नसतं. लालबागच्या जनार्दन निवासात दुसऱ्या मजल्यावर राहणारा विनीत आणि त्याची आई लक्ष्मी यांचं मात्र कधी भांडण झालं नाही. कारण सोपं आहे. दर वेळी आईच आपला मोबाईल काढून घ्यायची.

"आई, मॅच सुरू होतेय माझी. तुझा काढ ना."

"अरे, आत्ताच लावलाय. चार टक्के राहिलेत."

"तुझं काय गं, तुझा गेम कधीपण थांबवता येतो. माझा नाही थांबत."

बोलणं खोटं नव्हतं. विनीतच्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरत आणि अर्ध्या तासाने एकच टोळी जिवंत उरे. मधेच कुणी उठलं तर त्याच्या टोळीतले बाकीचे तिघे मेलेच म्हणून समजा. लक्ष्मीच्या खेळात रंगीत फळं जुळवायची असत. तीन आंबे एका रांगेत आले की फुटत. हिंदमाताच्या एका दुकानातून ती साड्या आणायची आणि घरी बसून त्यांना फॉल लावायची. एका साडीचा फॉल पुरा झाला, सुई रिळाला टोचली, की एक डाव खेळायचा हा तिचा नेम. डाव रंगात आला की कुकरची शिटी व्हायची, नाहीतर शेजारची नम्रतावहिनी हाक मारायची, मग मोबाईल पालथा.

विनीत मुलगा वाईट नव्हता. वडील गेल्यापासून सहा वर्षं घर त्याने नीट सांभाळलं होतं, व्यसनाचं नाव नव्हतं. लोअर परळच्या ऑफिसातून सातला घरी, आठ ते दहा खेळ. पण खेळाचा विषय निघाला की स्वारी ताठ व्हायची. त्याच्या मते जगात माणसं दोन प्रकारची, हार्डकोअर आणि टाइमपास. पहिल्या प्रकाराला रोजचा सराव, डावपेच, शिस्त. दुसऱ्या प्रकाराला नुसता अंगठा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण मुलांपुरतीच ठेवतो, पण छंदांनाही ती चपखल बसते.

सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची पूजा असते आणि त्याआधी स्पर्धा. कॅरम, रस्सीखेच, रांगोळी. यंदा विनीतने मंडळाच्या बैठकीत मोबाईल गेमची स्पर्धा सुचवली आणि ती मंजूरही झाली. तेव्हा अप्पा म्हणाले, "ठेवायचीच तर सगळ्यांसाठी ठेवू. बायका ते फळांचं खेळतात ना, त्याचाही एक गट करा."

अप्पा म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. गिरणी बंद पडली तरी कॅरम बंद पडला नाही, असं ते स्वतःच सांगत.

विनीत हसला. "अप्पा, ते गेम नाहीत. बसल्या बसल्या बोट फिरवायचं, झालं. हार्डकोअर वेगळं असतं. दोन-दोन तास डोळा हलत नाही आमचा."

"मग त्यांचा हलतो तर हलू दे की. गट करायला काय जातंय?"

गट झाला. चाळीच्या जिन्याखाली एक मोठा फळा आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याने आपलं नाव आपल्या हाताने फळ्यावर लिहायचं आणि खडू अप्पांकडून मागून घ्यायचा, ही तिथली चाळीस वर्षांची रीत. एकदा स्वतःच्या अक्षरात लिहिलं की माघार नाही. विनीतने फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुख्य स्पर्धा'. त्याखाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'टाइमपास गट'.

शुक्रवारी संध्याकाळी तो मित्रांबरोबर फळ्यापाशी आला तेव्हा कोपऱ्यात चार नावं होती आणि चौथं त्याच्या आईचं होतं. लक्ष्मी गणपत सावंत. अक्षर थोडं तिरकं, उतरतं. विनीतच्या कानापर्यंत रक्त चढलं. टोळीतला प्रफुल्ल त्याला नेहमी डिवचायचा, "तुझी मम्मी तुझ्यापेक्षा प्रो आहे भाई." ही त्याचीच करणी, असं विनीतने गृहीत धरलं.

"मस्करीला पण लिमिट असते, प्रफुल्ल," तो म्हणाला आणि तळहाताने ते नाव पुसून टाकलं. "आईला कशाला मधे घेतो? तिला काय कळतं यातलं?"

"मी नाही लिहिलं रे," प्रफुल्ल म्हणाला, पण तो हसत होता, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही. सगळे हसले.

जिन्याच्या वरच्या वळणावर लक्ष्मी साड्यांचं गाठोडं घेऊन उभी होती. ती दोन पायऱ्या मागे सरकली आणि मुलं पांगल्यावर खाली उतरली. फळ्याकडे न बघता ती हिंदमाताच्या रस्त्याला लागली. जिन्यासमोरच्या बाकड्यावरून अप्पांनी हे सगळं पाहिलं.

त्या दिवसापासून घरात काही बदललं, पण काय ते विनीतला कळेना. जेवण वेळेवर, बोलणं नेहमीसारखं. प्लग मात्र रिकामा असायचा. दोन दिवसांनी त्याने सहज आईचा मोबाईल उचलून पाहिला तर शंभर टक्के. साडीमागून साडी संपत होती आणि मोबाईल फडताळावर पडून होता.

"आई, खेळत नाहीस हल्ली?"

"नाही रे. डोळे दुखतात," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात.

त्याच रविवारी अप्पांनी विनीतला मंडळाच्या खोलीत बोलावलं. कॅरमचा बोर्ड पुसायचा होता. अप्पा बोर्डावर पावडर टाकत होते, विनीत कपड्याने फिरवत होता.

"झिला, फळ्यावरचं नाव तू पुसलंस ना?"

"प्रफुल्लने आगाऊपणा केला होता, अप्पा."

"खडू कुणाच्या खिशात असतो?"

विनीतचा हात थांबला.

"तुझ्या आईने मागून घेतला माझ्याकडून. दोनदा येऊन परत गेली, तिसऱ्यांदा मागितला. अठ्ठावीस वर्षं झाली तिला या चाळीत येऊन. दर वर्षी पूजेचा शिरा ती करते, पण फळ्यावर नाव कधी नव्हतं तिचं. लिहून झाल्यावर मला म्हणते, अप्पा, अक्षर बरं आलंय का? मी म्हटलं, छान आलंय गो."

विनीत म्हणाला, "मला माहीत नव्हतं. खरंच. पण अप्पा, राग मानू नका, तिचा गेम आणि आमचा गेम यात फरक आहेच ना? आमच्यात मेहनत लागते. दोन तास एका जागी बसावं लागतं. ती पाच मिनिटं खेळते नि उठते."

"का उठते?"

"शिटी होते, कुणीतरी हाक मारतं..."

"आणि तुझ्या दोन तासांत शिट्या होत नाहीत? कुणी दार वाजवत नाही?" अप्पांनी पावडरचा डबा खाली ठेवला. "मी पस्तीस वर्षं कॅरम खेळलो. एकदा बसलो की तीन-तीन तास. लोक म्हणायचे, अप्पाचं लक्ष कसं, बॉम्ब फुटला तरी ढळायचं नाही. मलाही वाटायचं, आपण योगी. तुझी काकी गेली त्यानंतरच्या रविवारी मी इथे खेळायला बसलो. पहिल्या डावात दूधवाला आला. दुसऱ्यात गॅसवाला. मग नातवाला ताप आला म्हणून सूनबाईचा फोन. दुपारपर्यंत एक डाव पुरा झाला नाही माझा. तेव्हा उमगलं, पस्तीस वर्षं तिने एक हाक माझ्यापर्यंत पोचू दिली नव्हती. लक्ष माझं होतं, पण राखलं तिने."

त्यांचा आवाज जरा कापरा झाला होता. त्यांनी तो लपवला नाही.

"तुझा खेळ थांबत नाही, कारण तुझ्या वाटचं कुणीतरी थांबतं. तिला असाच खेळ परवडतो, जो कधीही खाली ठेवता येईल. तिचा वेळच तसा आहे, तुकड्या-तुकड्यांचा. त्या तुकड्यांतून ती एक हजार नऊशे पातळ्या चढली आहे. मला दाखवल्या तिने. तुला कधी दाखवल्या?"

"नाही," विनीत म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

बोर्ड लखलखत होता. विनीत तरी तो पुसतच राहिला.

घरी आला तेव्हा लक्ष्मी एका जांभळ्या साडीला फॉल लावत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आई, ते नाव मी पुसलं. मला वाटलं प्रफुल्लने मस्करी केली."

लक्ष्मीने वर पाहिलं नाही. "माझं नाव फळ्यावर, म्हणजे मस्करीच असणार, असं वाटलं ना तुला?"

ती रागाने बोलली असती तर विनीतला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे, टाका घालता घालता बोलली. सहा वर्षं आपण हिला सांभाळलं असं तो समजत होता, आणि आपल्या आईला काय आवडतं, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं!

"चुकलं माझं," तो म्हणाला. "खूप चुकलं. तू पुन्हा लिही. मी नाही लिहिणार, तुझ्या हाताने तूच लिही."

"राहू दे रे. लोक हसतील."

"लोक हसले ते माझ्यामुळे."

ती लगेच हो म्हणाली नाही. मनातली अढी इतकी सहज सुटत नसते. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना विनीतने फळ्यावरून 'मुख्य' आणि 'टाइमपास' हे दोन्ही शब्द पुसले, त्या जागी दोन्ही खेळांची नावं सारख्या अक्षरांत लिहिली, आणि संध्याकाळी परतला तेव्हा दुसऱ्या गटात चौथं नाव पुन्हा लागलं होतं. अक्षर तसंच, तिरकं. स्पर्धेपर्यंत त्या गटात नऊ जणी झाल्या.

फळांच्या खेळाची स्पर्धा पुढच्या रविवारी अकराला मंडळाच्या खोलीत होती, मुलांची संध्याकाळी. अर्धा तास, सगळ्यांनी पहिल्या पातळीपासून सुरुवात करायची, जी सगळ्यांत पुढे जाईल ती जिंकली. लक्ष्मीने निघण्याआधी भाताचा कुकर लावला आणि म्हणाली, "तीन शिट्या झाल्या की मला हाक मार, मी येऊन बंद करते."

"तू जा. मी आहे."

"दुकानातून कोंडीराम येईल साड्या न्यायला. पिवळी आणि मोरपंखी तयार आहेत, बाकीच्या..."

"आई, जा."

ती गेली आणि विनीत गॅलरीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसला. त्याला वाटलं होतं अर्धा तास म्हणजे काय, असाच जाईल. पहिल्या पाच मिनिटांत कुकर शिट्या मारू लागला. तो बंद करून येतो तोवर नम्रतावहिनी, "लक्ष्मीकाकी, विरजण आहे का गं?" त्याने विरजण शोधलं, सापडेना, शेवटी दह्याचं पातेलंच दिलं. मग कोंडीराम. कुठल्या साडीला फॉल झालाय आणि कुठलीला नाही, हे विनीतला ओळखता येईना, दोघांनी मिळून अकरा साड्या उलगडल्या. कोंडीराम वैतागून म्हणाला, "काकींना बोलवा ना जरा, एक मिनिटाचं काम."

"एक मिनिटसुद्धा नाही," विनीत म्हणाला.

दर रविवारी अकराला कणकवलीहून मावशीचा फोन येतो, हे त्याला आदल्या रात्री आठवलं होतं. फोन वाजला की आईचा खेळ अडणार. म्हणून त्याने पावणेअकरालाच मावशीला आपल्या मोबाईलवरून फोन लावून सगळी हकिकत सांगितली होती. तरी तिचा पुन्हा आला, सुदैवाने त्याच्याच मोबाईलवर, "जिंकली का रे ती?" मध्येच प्रफुल्लचे तीन फोन येऊन गेले. सरावाला टोळी जमली होती, विनीतचा पत्ता नव्हता. चौथ्यांदा विनीतने फोन घेतला. "आज माझ्याशिवाय खेळा. घरी काम आहे."

"अरे, मधेच कसं सोडतो?"

"आज मला सोडता येतं," विनीत म्हणाला. पाणी चढवायचा पंप बंद करायला सांगत तळमजल्यावरून कुणीतरी ओरडत होतं, तिकडे तो धावला.

साडेअकराला लक्ष्मी जिना चढून आली. घामाघूम झालेला मुलगा, पलंगावर उलगडलेल्या अकरा साड्या, किंचित लागलेल्या भाताचा वास. तिने सगळं पाहिलं.

"कितवी आलीस?"

"पाचवी. कमलाबाई पहिली आली. बहात्तर वर्षांची म्हातारी, चष्मा न लावता खेळते." ती हसली. मग पलंगाच्या कडेवर, साड्यांतच बसली. मोबाईल हातात तसाच होता.

"विनीत, अर्धा तास मला कुणी हाकच मारली नाही रे. मी दोनदा खेळ थांबवून बघितलं, कुणी बोलावतंय का. कुणीच नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा सलग वेळ मला लग्न झाल्यापासून मिळाला नव्हता."

विनीत तिच्या पायाशी बसला. इतकी वर्षं आपण आपल्या मेहनतीचा म्हणून मिरवला तो वेळ कुणाचा होता, हे आता त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "आई, एक हजार नऊशेवी पातळी दाखव ना," तो म्हणाला. आणि ती दाखवू लागली. बर्फात अडकलेला आंबा आधी का सोडवायचा आणि रंगीत गोळा शेवटपर्यंत का राखून ठेवायचा, हे ती सांगत होती, आणि त्याला खरोखर नवल वाटत होतं.

वाचकहो, कुठला खेळ भारी आणि कुठला हलका, यावर तरुण मुलं तासन्तास वाद घालतात, घालोत बापडी. पण खेळाची उंची मोजण्याआधी खेळणाऱ्याला वेळ किती मिळतो, हे पाहावं. ज्याला सलग वेळ मिळाला तो मोठा खेळाडू झाला आणि ज्याने तो दिला त्याच्या वाट्याला टाइमपास हा शब्द आला, हा न्याय नव्हे. आपल्या घरातही कुणीतरी आपला डाव अर्धा टाकून उठतं, खेळाचा असो, वाचनाचा असो की गाण्याचा. त्या माणसाचं कौतुक करून मोकळे होऊ नका. पुढच्या वेळी हाक आली की त्याला बसू द्या, आणि तुम्ही उठा.