प्रश्न उद्भवत नाही

"विमलबाई, आपला मेलेला माणूस जिवंत हाय म्हणे."

भाविकाताईंनी पर्स खुर्चीत टाकली आणि हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला. विधानसभेचं कामकाज आटपून त्या मुंबईहून थेट पेणच्या ऑफिसात आल्या होत्या, तोंडही धुतलं नव्हतं. आमदारबाईंना राग आला की शुद्ध भाषा आधी पळते आणि खाडीकाठची भाषा बाहेर येते. तेव्हा मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

मी चष्मा लावला. वर आमचा प्रश्न होता, मीच टाइप केलेला. ‘रोह्याजवळील एका रसायन कारखान्यात टाकी फुटून श्री. काळुराम जानू हिलम या कंत्राटी कामगाराचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय. असल्यास, कारखान्याची सुरक्षा तपासणी शेवटची केव्हा झाली. झाली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली सरकारचं उत्तर. ‘(१) हे खरे नाही. सदर कामगार हयात असून नियमित कामावर येत आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

"मंत्री उभे राहून बोलले, सन्माननीय सदस्यांनी माणूस मारायच्या आधी त्याला एकदा विचारावं. अर्धी सभा हसली. आपल्या बाकांवरचे पण दोघं हसले."

मी चोवीस वर्षं या खुर्चीत आहे. तीन आमदार पाहिले, तिघेही विरोधी पक्षाचे. आमच्या नशिबी सत्ता नाही, नुसते प्रश्न. ‘हे खरे आहे काय’ माझ्या तोंडात इतकं बसलंय की आमटीत मीठ जास्त झालं तरी सुनेला मी तसंच विचारते. त्या कारखान्यात चार वर्षं तपासणीला कुणी फिरकलं नव्हतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण नाव चुकलं आणि तपासणीचा प्रश्नही त्याच्याबरोबर वाहून गेला. ते नाव मीच घातलं होतं.

महिन्यापूर्वी रोह्याकडच्या कातकरवाडीतून ठमी आली होती. नवरा कारखान्यात कामाला गेला, टाकी फुटली आणि ठेकेदाराने त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात टाकलं. ‘खांब गावाजवळ हायवेवर सापडलेला अनोळखी इसम’ असं सांगून तो निघून गेला. नवरा तिथेच वारला, आणि कागदावर तेच चढलं. तिच्या हातात आली ती फक्त नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. सदऱ्याच्या खिशात गेटचा पास होता. त्यावरचा फोटो जळला होता, नाव तेवढं वाचता येत होतं.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं, तर तिने मान खाली घातली आणि पास पुढे सरकवला.

मला कळलं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली, अजून रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं तर मी कार्ड पुढे करते. तिला कशाला अवघड करायचं, म्हणून मी "हाच ना पास?" एवढंच विचारलं. ती "हाच" म्हणाली. मी नाव उतरवून घेतलं आणि माणुसकी दाखवल्याच्या समाधानात चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी निघालो. अष्टमी गावावरून नदीच्या अंगाने आत गेलं की वाडी लागते. ठमी दारात मोळी सोडून लाकडं निवडत होती. मी उत्तर वाचून दाखवलं.

"काळू मेला आसं कोन बोल्ला?" ती म्हणाली.

"पासावर तेच नाव आहे ना, ठमी."

"पास काळूचाच हाय. माजा चुलतदीर तो. त्याच्या पायाला फोड झालता. चार दिस खाडा झाला का ठेकेदार पास फाडतो. म्हून हे गेलते त्याच्या पासावर."

विहिरीत पाणी असतं असं सांगावं, तसं तिने हे सांगितलं. वाडीतले सगळेच एकमेकांच्या पासावर जातात. तिच्या नवऱ्याला स्वतःचा पास कधी मिळालाच नव्हता. कोळशाच्या भट्ट्यांवर त्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या आणि पास काढायला गेलं की मशीन अंगठा घेईना. ठेकेदाराला हे माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये. त्याला डोकी भरायची असतात, चेहरा कुणाचा का असेना.

"मंग सरकारला काय इचारलंत तुमी?"

"काळुराम मेला हे खरं आहे का, असं."

"तो काय, तिथं बसलाय."

काळुराम खरंच झोपडीच्या कुडाला टेकून उकिडवा बसला होता. पायाची पट्टी अजून होती, तशाच पायाने तो ठेकेदाराने दिलेल्या नव्या पासावर रात्रपाळीला जात होता. ठमी माझ्याकडे बघून म्हणाली, "जित्याला मारलात बाय तुमी, आन मेल्याला इसारलात."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. एवढी वर्षं सरकारला खरंखोटं विचारत आले आणि समोर बसलेल्या बाईला एक प्रश्न नीट विचारला नाही.

"ताय, माजं नाव कुठं घालू नगा," काळुराम भाविकाताईंना म्हणाला. "ठेकेदार बोल्ला, पास दुसऱ्याला देनं गुन्हा हाय. तुरुंगात टाकतील. मला तीन पोरी हायत."

"तुझ्यावर जबरदस्ती नाय," ताई म्हणाल्या. "प्रश्नावर सही माझी हाय. चूक मी विधानसभेत कबूल करनार. पन जो मेला त्याचं नाव तरी सांग. त्याच्याशिवाय मी उभी कशावर राहू?"

मी पेन काढलं. सगळे काळुरामकडे बघत होते, आणि तो जमिनीकडे. नाव सांगणं म्हणजे साक्ष देणंच, एवढं त्याला समजत होतं. शेजारच्या दोघी डोक्यावर हंडे घेऊन तशाच थांबल्या होत्या.

ठमी उठली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि नदीकडे तोंड केलं.

"लिव गो बाय. वाळू. वाळू गोमा हिलम. माजा नवरा."

हंडेवाल्यांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, ते मी अजून तसंच ठेवलं आहे.

काळुराम कुडाला धरून उभा राहिला. "तिनं नाव घेतलं," तो म्हणाला. "आता मी काय लपू? लिव माजंबी."

आम्ही लक्षवेधी दिली. म्हणजे मंत्र्याला त्याच अधिवेशनात उभं करून जबाब मागण्याची सूचना. दोनदा ती परत आली, तिसऱ्यांदा घेतली गेली, शेवटच्या आठवड्यात. मी ठमीला आणि काळुरामला मुंबईला घेऊन गेले. विधानभवनाच्या दारात प्रेक्षक गॅलरीचा पास हातात पडल्यावर काळुरामने तो उलटसुलट करून पाहिला.

"बाय, यावर माजंच नाव हाय ना?"

"तुझंच आहे."

तरी आत जाईपर्यंत त्याने तो मुठीत धरला होता.

खाली भाविकाताई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, मागे मी एका जिवंत माणसाला मृत म्हटलं. चूक माझी आहे. मी सभागृहाची माफी मागते."

समोर सत्ताधाऱ्यांनी खुशीत बाकं वाजवली. ताईंनी वाजू दिली.

"काळुराम हिलम जिवंत आहेत. त्यांच्या पासावर जो आत गेला आणि मेला, त्याचं नाव वाळू गोमा हिलम. सरकारच्या कागदावर तो हायवेवर मेलेला अनोळखी इसम आहे. कारखान्यात कोण आत गेलं हेच ज्या सरकारला माहीत नाही, ते सरकार आत कोण मेलं हे कशाच्या जोरावर सांगतं? आजही तिथे माणसं कामाला जातायत. तपासणी शेवटची केव्हा झाली? मला तारीख हवी."

मंत्री उठले. "या नावाचा कामगार कारखान्याच्या यादीत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न..."

"उद्भवत नाही, असं मला आता सांगू नका. त्याची बायको आहे. स्वतःचा पास त्याला देणाऱ्या काळुरामची जबाबावर सही आहे. प्रश्न उद्भवलाय."

अध्यक्ष म्हणाले, बसा. त्या बसल्या नाहीत. पुन्हा म्हणाले, बसा. "तारीख मिळेपर्यंत मी बसणार नाही." मग माईक बंद झाला. पण मिठागरात या बांधावरून त्या बांधाला हाक मारणाऱ्या बापाची ती लेक. माईकची तिला गरज कधी नव्हतीच. नाव, गाव, टाकी, टेम्पो, सगळं तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. आपल्या बाकांवरचे ते दोघंही उठून तिच्या मागे उभे राहिले.

शेवटी अधिकाऱ्याने मंत्र्यांच्या हातात चिठ्ठी दिली. तपासणी चार वर्षांपूर्वी झाली होती. दोन महिन्यांत चौकशी करू, जबाब नोंदवून घेऊ, असं त्यांना म्हणावं लागलं.

ठमीने माझा दंड धरला. "नाव लिवलं का गो त्यांनी?"

खाली टेबलाशी बसलेली मुलगी भराभर लिहीत होती. "लिहिलं," मी म्हणाले.

दोन महिन्यांचे पाच झाले. चौकशी चालू आहे. एवढं मात्र झालं की निरीक्षक आले आणि टाक्यांचा तो विभाग बंद केला. ठेकेदाराने काळुरामचा नवा पास मात्र लक्षवेधी झाली त्याच आठवड्यात फाडला. तो आता डोलवीकडे बिगारीवर जातो, स्वतःच्या नावाने. भाविकाताईंनी नवा प्रश्न दिला आहे, विलंबाची कारणे काय आहेत, आणि पुढच्या अधिवेशनात त्या पुन्हा उभ्या राहणार आहेत. नाव मी तीनदा तपासलं.

त्या दिवशीच्या कामकाजाचं छापील पान आलं तेव्हा मी ते घेऊन वाडीत गेले. ठमीने हात पुसले.

"कुटं हाय?"

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"वाच."

"वाळू गोमा हिलम."

ते नाव त्या सकाळनंतर तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. काळुरामनेच मला तसं सांगितलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं. ती म्हणत राहिली आणि मी वाचत राहिले, आणि दर वेळी, तो दारात आला असावा तसं, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.