अंजनाबाईची पावडर

जन्मभर घाणीत हात घालणाऱ्याला स्वच्छतेचं वेड लागतं, त्यातलीच गत अंजनाबाईची. सावली शहराच्या अलीकडं, वैनगंगेकाठच्या एका गावात तिनं तीस वर्षं नाल्या काढल्या. नाली उपसायची, वरून ब्लिचिंग पावडर मारायची, काम फत्ते. आता लेक माधवी गावाबाहेरच्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर होती, कंत्राटावर. आज जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर म्हातारीला कुठची झोप! टाकीला वास येतो, पाणी चॉकलेटी दिसतं, साहेब पोरीला टाकून बोलतील. झालं. सकाळीच डबा घेऊन ती केंद्रावर गेली, आणि माधवी मागं मोटर पाहायला गेली तेवढ्यात कोठीतलं पावडरचं पोतं ओढत आणून सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीत रिकामं केलं.

माधवी रोज त्या टाकीचं पाणी काचेच्या भांड्यात भरून ठेवायची. अर्ध्या तासात गाळ खाली बसे. आज तासाभरानंही बसेना. पाणी ताकासारखं पांढुरकं, वर फेस. त्या चॉकलेटी पाण्यातले जिवाणूच तर घाण खातात! सहा महिने शेण-गूळ घालून, हवा देऊन पोसले होते, घरच्या गाईसारखे. मायला विचारलं, तर मायनं हसत सांगितलं, पावडर मारली, वास गेला की नाही बघ म्हणून.

माधवीनं डोकं धरलं. बसली, उठली, पुन्हा बसली. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह तिनं धावत जाऊन बंद केला, कारण पाणी पुढं बोडीत जातं, आणि त्या तळ्यात गावच्या मच्छीवाल्यांनी आठ दिवसांपूर्वीच मासोळीचं बीज सोडलं होतं. पण व्हॉल्व्ह बंद करून किती दिवस भागणार? राखीव टाकीत दोन दिवसांचं पाणी मावतं. दुसऱ्या केंद्राचा गाळ आणला तरी नवे जिवाणू वाढायला दोन आठवडे. तोवर सांडपाणी उपसून न्यायला टँकर लागणार, अन् टँकरला साहेबांची सही. सही मागायची म्हणजे सगळं सांगायचं, नोकरीही जायची. गप्प राहिलं तर? शेवटच्या टाकीत कालचं नितळ पाणी होतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती व्हॉल्व्हपासून दारापर्यंत अन् दारापासून व्हॉल्व्हपर्यंत नुसती फिरत राहिली. मायनं दोनदा जेवून घे म्हटलं, ते तिला ऐकूसुद्धा आलं नाही.

अकराला साहेब आले. शेवटच्या टाकीतली बाटली उन्हात धरून खूश झाले. वास नाही, रंग नाही, असं केंद्र जिल्ह्यात दुसरं नाही म्हणाले, आणि शेरा लिहायला पेन काढलं. दारातली अंजनाबाई कौतुकानं लेकीकडं बघत होती.

"साहेब, लिहू नका," माधवी म्हणाली. "हे कालचं पाणी आहे. टाकी मेली. आता त्या टाकीतलं पाणी सोडलं तर बोडीतली मासोळी मरेल. टँकर द्या."

कशानं मेली, हे साहेबांनी विचारलंच. माधवीनं मायकडं न बघता सांगून टाकलं की पावडर आपल्याच हातून पडली.

"खोटं बोलून राह्यली थे," अंजनाबाई पुढं आली. "म्याच टाकली." मग लेकीकडं वळून तिनं हळू विचारलं, "पावडरीनं मासोळी मरते काय वं?"

"मरते, माय."

म्हातारी साहेबांकडं वळली. "हे केंद्र तं आत्ता झालं. पयले गावच्या साऱ्या नाल्या त्याच बोडीत जात," ती म्हणाली. "तीस वर्सं म्या पावडर मारली. साहेब, पोतं तुमच्याच हापिसातून ये. मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

साहेबांनी खाली मान घालून सहीसाठी टँकरचा कागद मागितला.