बिस्किटांच्या डब्याचं झाकण

पाणी एकतीस अंश.

"हात घाला! घाला ना, भिता कशाला?"

दादाच्या अंगणातल्या स्विमिंग पूलभोवती चाळीस माणसं वाकली. हवा बोचरी होती, पाणी कोमट. हीटर दुपारपासून बंद आहे, हे सरांनी तिघांना आत नेऊन दाखवलं होतं.

"ही ऊब कुणाची?"

"चकतीची!"

"आणि विजेचं बिल?"

"निम्मं!"

सर म्हणजे बशीएवढ्या तांब्याच्या चकत्या विकणारा गृहस्थ. चकती तळाशी सोडायची, मग पाण्याला ऊब 'आठवते'. पाण्याला म्हणे स्मरणशक्ती असते. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात तरी ती फारशी आढळलेली नाही.

दादा खुर्चीत शाल पांघरून बसला होता. कुडकुडत होता.

"अंगात ऊर्जा भिनतेय," सर म्हणाले.

*

आता मागे.

दादाचं डावं अंग लुळं पडलेलं. जमिनीवर त्याला उभं राहता येत नसे, पण कोमट पाण्यात तो चालायचा. सोळा पावलं. वहिनी काठावरून मोजायची. हीटर मात्र इतकी वीज खाई, की वहिनीने तलाव रिकामा करायचं ठरवलं. तेवढ्यात सर उगवले. चकती दिली आणि सोबत पथ्य: वापर झाला की पाण्यावर जाड निळं प्लास्टिक अंथरायचं, पार कडेपर्यंत. नाहीतर चकतीची कंपनं उडून जातात.

महिन्यात बिल निम्म्यावर आलं. वहिनीने ते माझ्या नाकासमोर धरलं.

"बोला ताई, काय म्हणतं तुमचं विज्ञान?"

"प्लास्टिकची करामत आहे, वहिनी. उघडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना ऊब घेऊन जातं. चहावर बशी झाकतो ना, तसंच हे."

"मग हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

ते मला झोंबलं. खरंच, का नाही सुचलं?

म्हणून मी गुपचूप जाळीने चकती काढली आणि पर्समध्ये टाकली. तिच्या जागी बिस्किटांच्या डब्याचं झाकण तपकिरी रंगवून सोडलं. महिनाभर आकडे घ्यायचे आणि सरांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं, असा बेत.

*

माझी वही.

पहिला आठवडा: एकतीस. झाकलेलं पाणी रात्रभरात एकच अंश उतरतं.

दुसरा: तेच.

तिसरा: तेच. मंगळवारी शेरा: पाणी किंचित गढूळ.

पुढे काहीच नाही. रविवारी सरांची सभा होती. आणखी पाच दिवस थांबलं तर काय बिघडतंय, असं वाटलं मला.

*

रविवार. चाळीस हात पाण्यात. मी पर्समधून चकती काढून उंच धरली.

"चकती तीन आठवडे माझ्याकडे आहे. खाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण आहे."

सर हसले.

"बघा! भाव खरा असेल तर झाकणातही कंपनं उतरतात!"

टाळ्या. माझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीवर टाळ्या.

मी चकती पाण्यात फेकली. "ठीक आहे. आता चकती आत आहे. फक्त प्लास्टिक घालू नका, हीटर लावू नका. उद्या याच वेळी या."

*

सोमवारी अकरा जण आले. सर आले नाहीत. पाणी सव्वीस अंश.

"चकती रुसली असेल," एक जण पुटपुटला. कुणी हसलं नाही.

त्यांच्यातला एक, पूल दुरुस्त करणारा मिस्त्री, ओंजळीत पाणी घेऊन बघत होता. "वहिनी, क्लोरीन कधी टाकलं होतं? आणि पाणी गाळणारी मोटर किती वेळ चालते?"

"बंद केलंय सगळं," वहिनी म्हणाली. "सरांनी दुसरं पथ्य दिलं ना. क्लोरीनने पाण्याची आठवण जळते, मोटरीने पाणी दचकतं. तीन आठवडे झाले."

"म्हणजे हे कोमट डबकं आहे. ह्यात माणूस उतरवता तुम्ही?"

वहिनी आत धावली. तिच्यामागून मी. दादा तापाने फणफणला होता. डाव्या टाचेला पायरीची कड घासून जखम झालेली. त्या पायाला संवेदनाच नव्हती. त्याला कळणार कसं?

पाण्यातले जंतू जखमेतून पायभर पसरले होते. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

दवाखान्याच्या बाकावर वहिनी म्हणाली, "माझी अक्कल गहाण पडली होती, ताई. तुमची तर जागेवर होती ना? मग तीन आठवडे गप्प का बसलात?"

"पुरावा पुरा करत होते."

*

तुमच्याकडे तलाव असेल तर तो झाका. झाकण कुणाकडूनही घ्या, मंत्र घेऊ नका. मोटर हळू चालवा, पण रोज चालवा. क्लोरीन टाका. विजेची बचत एवढ्यानेच होते, त्यात गूढ काही नाही. कुणी गूढ सांगू लागला, तर दोन दिवसांत करता येईल अशी परीक्षा घ्या: एकदा झाकून, एकदा उघडं. आणि खोटं दिसलं की त्याच दिवशी बोला. जिंकायची वाट बघू नका.

पाणी आजही एकतीस अंश आहे. स्वच्छ, तळ दिसतो. दादा काठावर बसतो. वहिनी मोजत नाही.