दुसरी सही

"आजी, जरा उठून बसता का? सकाळच्या गोळ्या आहेत."

मी शेजारच्या खाटेवर सलाइनची बाटली बदलत होते. हात कामात ठेवून कान तिकडे लावले. गोळ्यांचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जेमतेम एकोणीस वर्षांची. कपाळावरची बट सारखी फुंकर मारून बाजूला करायची तिची सवय. आणि तिच्यासमोर उशांना टेकून बसलेल्या आमच्या थांबाबाई. या बाईंनी इथल्या निम्म्या नर्सेस घडवल्या, मलासुद्धा, हे त्या पोरीच्या गावीही नव्हतं. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. बाईंनी दाखल होताना मला बजावलं होतं, "मी कोण ते विद्यार्थिनींना सांगू नकोस. पोरी घाबरतात, आणि घाबरल्या की चुकतात."

"तुमचं पूर्ण नाव सांगा," मुलगी म्हणाली.

बाईंनी आज्ञाधारकपणे नाव सांगितलं. मुलीने ते मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. बाईंचा चेहरा मख्ख होता, पण मी त्यांना चौतीस वर्षं ओळखते. स्वारी खूश होती.

आमच्या वेळी मनगटावर पट्ट्याबिट्ट्या नव्हत्या. खाटेच्या पायथ्याशी नंबर रंगवलेला असायचा आणि त्याखाली औषधांचा कागद अडकवलेला. म्हणून बाईंचा सगळा भर तोंडावर. "तुम्ही अमुकच ना, असं पेशंटला कधी विचारायचं नाही. आजारी माणूस भिडस्त असतो, कशालाही हो म्हणतो. त्याचं नाव त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं." औषध कपाटातून काढताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. आणि पेशंटच्या तोंडाशी कप नेणार, एवढ्यात मागून आवाज यायचा, "थांब!" मग प्रश्नांची सरबत्ती. हे कशासाठी देतेस? जास्त झालं तर काय होईल? कोणाला देऊ नये? उत्तर आलं नाही तर कप परत ट्रेमध्ये आणि आमची वरात पुस्तकाकडे.

हॉस्टेलमध्ये आम्ही त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. कोणी चहाचा कप तोंडाला लावला की दुसरी ओरडायची, "थांब! लेबल वाचलंस?" थांबाबाई हे नाव तिथलंच. त्यांना ते कळलं होतं. एकदा वर्गात म्हणाल्या, "नाव चांगलं ठेवलंय. काम लक्षात राहतं." त्यांनी लग्न केलं नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि एप्रनवर सेकंदकाटा असलेलं एक जुनं घड्याळ टाचलेलं असायचं. त्यांच्या संसारात तेवढीच एक मिरवण्यासारखी वस्तू.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी मला स्त्रियांच्या वॉर्डात पाठवलं. सात नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या, मधुमेहाच्या. आठ नंबरला, खिडकीपाशी, पोस्टातून निवृत्त झालेल्या आजी. त्यांना धाप लागायची, ऐकायलाही कमी यायचं. शिवणाच्या आजींचे यजमान रोज सकाळी समोरच्या बसथांब्यावर उभे राहून खिडकीकडे बघत छत्री उंचावायचे. आत यायला संध्याकाळशिवाय परवानगी नव्हती. पण छत्री दिसायची ती पोस्टातल्या आजींना! शेवटी त्यांनाच दया आली. त्या दिवशी पहाटे दोघींनी गुपचूप खाटा बदलल्या. उशा नेल्या, चपला नेल्या, चष्मे नेले. कागद मात्र खाटांनाच राहिले.

मी त्या वॉर्डात त्याच सकाळी पाऊल ठेवलेलं. सात नंबरच्या कागदावर सोळा युनिट इन्सुलिन लिहिलेलं. सिरिंज भरली. इन्सुलिनसाठी नियम असा होता की दुसऱ्या नर्सने सिरिंज स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि शेजारच्या रकान्यात सही करायची. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही शहाण्या! वेळ वाचावा म्हणून ड्युटी सुरू होतानाच एकमेकींच्या रकान्यात सह्या ठोकून ठेवायचो.

"सात नंबरच ना आजी?" मी विचारलं.

"हो हो, बाळ," पोस्टातल्या आजी म्हणाल्या. त्यांना काय ऐकू आलं होतं देव जाणे. मी सुई टोचली.

वीस मिनिटांनी खिडकीपाशी गेले तर तिथल्या आजी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पोरी, माझी सुई राहिली की आज. मला खायचं आहे ना."

मी वळून सात नंबरकडे पाहिलं. सुई दुसऱ्याच आजींना टोचली होती.

कोणी पाहिलं नव्हतं. कागदावर सगळं बिनचूक होतं, दुसरी सहीसुद्धा. गप्प बसले असते तर म्हातारीला आपलं आपण काहीतरी झालं, असंच सगळे म्हणाले असते. आणि सांगितलं तर माझं नाव कापलं जाणार, याची मला खात्री होती. घरी आईने अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं की आमची मुलगी नर्स होणार. वॉर्डापासून औषधांच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं होती. ती मी कशी चालले, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बाई, मी चुकीच्या आजींना इन्सुलिन दिलं."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. बाईंनी फक्त घड्याळ बघितलं. "किती वाजता? किती? स्वच्छ दिसणारं की गढूळ?"

"साडेसात. सोळा युनिट. स्वच्छ."

"म्हणजे लवकर चढणारं. त्यांनी काही खाल्लंय?"

"नाही."

"चल."

पोस्टातल्या आजींच्या कपाळावर घाम फुटला होता, बोटं थरथरत होती. शुद्ध होती म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने साखरेचं पाणी पाजलं, मला डॉक्टरांकडे पळवलं. सुईतून ग्लुकोज सुरू झालं. रक्तातली साखर लगेच दाखवणारं यंत्र तेव्हा अख्ख्या इस्पितळात एकच होतं, ते बाईंनी दुसऱ्या मजल्यावरून अक्षरशः हिसकावून आणलं. दर पंधरा मिनिटांनी बोट टोचायचं, आकडा लिहायचा. आजी म्हणाल्या, "आज एवढे लाड कशाबद्दल?" बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून, ठणठणीत आवाजात खरं ते सांगितलं, "दुसऱ्यांचं औषध चुकून तुम्हाला दिलं गेलंय. चूक आमची. मी इथून हलणार नाही." दुपारी दोनपर्यंत त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. पलीकडे शिवणाच्या आजी आपल्याच खिडकीच्या ओढीला दोष देत रडत होत्या.

आजी वाचल्या.

मेट्रनच्या टेबलावर झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल मला स्वतःच्या अक्षरात लिहावा लागला. आधीच ठोकलेल्या सह्यांसकट सगळं लिहिलं. खाली सही केली. मेट्रन म्हणाल्या, "हिला घरी पाठवा." बाईंनी कागद ओढून घेतला आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. "दुसरी सही माझी. वॉर्डात शिकवायला मी होते. पाठवायचं तर दोघींना पाठवा."

मला सहा महिने मागे ठेवलं, पण घरी पाठवलं नाही.

त्या संध्याकाळी मी औषधांच्या खोलीत हुंदके देत होते. बाई आल्या, दार लोटलं, आणि कपाटातल्या बाटल्या उगाचच नीट लावायला लागल्या. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या.

"मी नवीन लागले होते. एक घड्याळजी होता पेशंट. हृदयाचा. खाटेवर बसून माझं हे घड्याळ त्यानेच दुरुस्त केलेलं. त्याला डिगॉक्सिन चालू होतं. कशासाठी देतात?"

"हृदयाला जोर यावा, ठोके संथ व्हावेत म्हणून," मी नाक पुसत म्हणाले.

"आणि देण्याआधी?"

"पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर थांबायचं."

"एक दिवस सकाळी तो म्हणाला, सिस्टर, भिंतींना पिवळा रंग कधी दिलात? मी म्हटलं, तुमच्या स्वागताला. दोघं हसलो. भिंती पांढऱ्याच होत्या गं. दोन दिवस त्याचं ताट तसंच परत जात होतं. हे औषध अंगात साचलं की भूक मरते, मळमळतं, सगळं पिवळं दिसतं. पुस्तकात होतं, मी पाठ केलेलं. पण नाडी मोजलीच नाही. कागदावर मनाने बहात्तर लिहिलं आणि गोळी दिली. दुपारी तो गेला."

"बाई, कदाचित तसाही..."

"कदाचित. डॉक्टरही तसंच म्हणाले. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही." मग त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "तू चालून आलीस. मला नाही जमलं ते. आता तोंड धू, औषधांची वेळ झाली."

पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. मी नर्स झाले, नंतर याच इस्पितळात वॉर्डाची सिस्टर झाले, आणि ज्या पोरींना ओरडले त्यांनी मला काय नाव ठेवलंय ते न ऐकलेलंच बरं. बाई निवृत्त झाल्या. मी दर सुट्टीला त्यांच्याकडे जायचे. आणि आता एक्याऐंशीव्या वर्षी, थकलेलं हृदय घेऊन त्या माझ्याच वॉर्डात. रोज सकाळी डिगॉक्सिनची अर्धी गोळी.

मुलीने कप पुढे केला. ते जुनं घड्याळ बाईंच्या उशीला टाचलेलं होतं.

"हे पडदे पिवळे कधी केलेत गं?" बाई म्हणाल्या.

पडदे पांढरेच होते. बाटली तशीच सोडून मी निघाले, तर बाईंनी चादरीवरचा हात इंचभर उचलला. थांब. चौतीस वर्षांनीही तो हात कळतो मला. मी जागच्या जागी थांबले.

मुलगी हसत म्हणाली, "पिवळे कुठे आजी, पांढरे तर..." तिने पडद्याकडे पाहिलं, कपातल्या गोळीकडे पाहिलं. कप ट्रेमध्ये ठेवला आणि बाईंचं मनगट धरलं. एक मिनिट. वॉर्डात कोणीतरी खोकत होतं, कोणाचं तरी भांडं पडलं, तिने मान वर केली नाही. बाईंचे ओठ तिच्याबरोबर मोजत होते.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"मनाने?"

"नाही हो आजी, मोजली ना आत्ता! पुन्हा मोजू?"

"मोज."

पुन्हा अठ्ठेचाळीस. "ही गोळी मी आत्ता देत नाही," मुलगी म्हणाली. "आधी डॉक्टरांना विचारते. काल तुम्ही जेवलात का?"

"दोन घास."

दोन दिवस त्यांचं ताट परत जात होतं, आणि मी समजत होते की इस्पितळाचं जेवण त्यांना रुचत नाही. सगळं पाठ असलेली मी! लाजेने मेल्यासारखं झालं. डॉक्टर आले, हृदयाचा आलेख निघाला, रक्त गेलं. मूत्रपिंडं थकली होती, औषध अंगात साचत होतं. गोळी बंद झाली.

पण ते नंतरचं. त्याआधी मुलीने औषधांच्या कागदावर लिहिलं, "दिली नाही, नाडी ४८," आणि सही केली. माझ्या वॉर्डात थांबवलेल्या गोळीलाही दुसरी सही लागते. मी खिशातून पेन काढलं. बाईंनी हात पुढे केला होता.

नियमात बसत नव्हतं. मी कागद त्यांच्या मांडीवर धरला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

बाई त्या खेपेला घरी गेल्या, आणि पुढच्या महिन्यात शांतपणे वारल्या. मी त्यांचे कागद बांधून इस्पितळाच्या दप्तरात दिले. चार दिवसांनी तिथले कारकून एक पान घेऊन वॉर्डात आले.

"सिस्टर, ही दुसरी सही कोणाची? स्टाफच्या यादीत नाही सापडत."

"जुन्या स्टाफची आहे," मी म्हणाले. "राहू द्या तशीच."