भावी फौजदार

पेडगावच्या फाट्यावर ऑटोत बसल्यापासून सुकेशनी ओढणीचं टोक पिळत होती. शेजारी वडील, तात्याराव, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते. पिशवीत तिचा बारावीचा मार्कमेमो, दोघांची आधार कार्डं आणि पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र. परभणीच्या बँकेत आज शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. पोरगी क्रिमिनॉलॉजीची पदवी घेणार होती, आणि तात्यारावांच्या लेखी ती पदवी घेतली की माणूस फौजदार होतो.

एकट्या तात्यारावांची समजूत असती तर निभावलं असतं. पण उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशी आपल्या गावांची तऱ्हा. प्रवेशाची बातमी आली त्याच आठवड्यात पोरांनी विहाराजवळ तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला, 'भावी फौजदार' म्हणून. पौर्णिमेच्या वंदनेनंतर तिचा सत्कार झाला, आई कुसुमबाईनं पेढे वाटले. शेळ्या राखणाऱ्या बानूबाईंनी तर भर रस्त्यात अडवून तक्रारच नोंदवली, "साहेबीन झालीस की माझी शेळीची पाट चोरनाऱ्याला आधी धर बरं!" सगळे हसले. सुकेशनीही हसली. तेव्हा तिला कुठं काय माहीत होतं?

काल दुपारी तिनं बोरीच्या राजेश्रीला फोन लावला. राजेश्रीनं त्याच विद्यापीठातून हीच पदवी घेतली होती. वसतिगृह कसं आहे, सोबत काय आणावं, एवढंच सुकेशनीला विचारायचं होतं. राजेश्री आधी गोलगोल बोलली आणि मग एकाएकी रडायलाच लागली. एका कंपनीत ती नोकरी मागणाऱ्यांचे पत्ते खरे की खोटे ते फोनवर तपासायची. पगार सोळा हजार, कर्जाचा हप्ता बारा हजार. उरल्या पैशात पुण्यातलं खोलीभाडं आणि पोट.

"आन फौजदाराची परीक्षा गं?" सुकेशनीनं विचारलं होतं.

"ती कोनत्याबी पदवीवर देता येती. परभणीत बी.ए. केलं असतं तरी दिली असती. मला कुनी सांगितलंच न्हाई. आता दिवसभर फोन करायचे, का अभ्यास करायचा? हप्ता चुकला की बँकवाले बोरीला, माझ्या बापाला फोन करायलेत. तू नीट इचार कर बाई."

रात्रभर सुकेशनी त्या हप्त्याचाच हिशेब करत राहिली होती. मग घरात बोलली का नाही? बोलणार कसं! तात्यारावांनी जन्मभर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर मजुरी केली, कायम होण्यासाठी भल्याभल्या साहेबांपुढं छाती काढून उभे राहिले आणि शेवटी कायम झालेच. पोरांचं सगळं त्यांना चालायचं, भिणं तेवढं चालायचं नाही. सकाळी चहा घेताना ती कशीबशी म्हणाली होती, "बाबा, मला लय भ्या वाटायलंय." तात्याराव मोठ्यानं हसले. "पुण्याचं भ्या? चार दिवसांत रुळतीस बघ." पुढचे शब्द तिनं चहाबरोबर गिळले.

बँकेतला अधिकारी बोलायला गोड होता. कागद पुढं सरकवत म्हणाला, "काका, तुमची पेन्शन आपल्याच शाखेत येते ना? मग काही काळजी नाही. पोरीचा हप्ता चुकला तर तिथूनच वळता करू."

धीर द्यायला म्हणूनच बोलला बिचारा, आणि तात्यारावांनीही मान डोलावली. सुकेशनीनं मात्र चटकन वडिलांकडं पाहिलं. त्या पेन्शनीवर घरातलं मीठमिरची चालत होतं. आईच्या शुगरच्या गोळ्या त्यातूनच यायच्या. तात्यारावांनी पेन उघडलं, चष्मा सारखा केला आणि कागदावर वाकले.

"बाबा, सही करू नका."

आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ऐकू आला नाही. मग तिनं वडिलांचा हात धरला.

"सही करू नका म्हन्ते ना!"

तात्यारावांनी वर पाहिलं. रांगेतली माणसंही बघायला लागली. त्यांचा चेहरा लाल झाला. "काय झालं? भेलीस? आता ऐन वक्ताला? सगळ्या गावात हसं करतीस का माझं?"

"व्हय, भेले!" सुकेशनीला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "बोरीच्या राजेश्रीनं हेच शिक्षन घेतलंय. तिला सोळा हजार भेटायलेत, त्यातले बारा बँक न्यायली. फौजदाराची परीक्षा तर परभणीत शिकून बी देता येती. माझा पगार पुरला न्हाई तर हे लोक तुमच्या पेन्शनला हात घालनार, बाबा. मग आईच्या गोळ्या कुठून आननार? तुमी बी भ्या की जरा!"

असं त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. तात्यारावांनी पेन खाली ठेवलं. मग अधिकाऱ्याकडं वळून त्यांनी सावकाश विचारलं, "साहेब, वळता करू मंजे... माझ्या पेन्शनीतून?"

"तशी वेळ आली तरच, काका. तुम्ही सहकर्जदार आहात."

"किती वर्सं?"

"शिक्षण संपल्यावर दहा वर्षं."

तात्याराव बोटांवर काहीतरी मोजायला लागले. आपलं वय मोजत असावेत, कारण मध्येच थांबले आणि पुढं मोजेचनात. कागद आधी अधिकाऱ्याकडं सरकला, मग पेनाला टोपण लागलं. टोपण लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"काका, उद्या येता का मग?" अधिकाऱ्यानं विचारलं.

तात्यारावांनी पिशवी उचलली. ते उठले, पोरीचं मनगट धरलं आणि दाराकडं निघाले. त्यांचा हात घामानं ओला झाला होता. बाप भ्यालेला सुकेशनी पहिल्यांदाच बघत होती.

बँकेच्या पायरीवर येऊन ते खाली बसले.

"मला काईच ठाव नव्हतं गं," ते म्हणाले. "बस हितं. आता पयल्यापासून सगळं सांग."