दुसरा कान

दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर पिठाचा कण चिकटला होता. अकमारल तो डोक्याच्या रुमालानं पुसत होती, तेवढ्यात शेजारच्या दगडावर बसलेले तोलेगेन आगा म्हणाले, "वेडे राघू. आले."

तिनं कान टवकारले. खिंडीतला वारा, खाली रस्त्यावर घुरघुरणारा ट्रक... बाकी काही नाही. आभाळ कोरं.

म्हणजे आगांची सून म्हणत होती ते खरंच — म्हाताऱ्याला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही — आणि हा माणूस, ज्याच्या कानांवर आम्ही सगळे शिकलो, 'आधी ऐक, मग बघ, डोळे लबाड असतात' म्हणत जो माझी दुर्बीण सबंध एक वसंत स्वतःच्या गळ्यात अडकवून हिंडला, तो आता मनातलेच राघू ऐकतोय...

पाखरं बघणाऱ्या त्यांच्या मंडळींचा रिवाज होता: नुसतं ऐकलेलं पाखरू दुसऱ्या कानाच्या साक्षीशिवाय मोजणीत धरायचं नाही. आणि वर्षाचे पहिले राघू ज्याला ऐकू येतील, त्याला पिशवीतला पहिला बाउरसाक, पिठाचा तळलेला गोळा. तो मान वर्षानुवर्षं आगांचाच. आज दुसरा कान म्हणजे ती एकटीच.

"ऐकलंस ना, पोरी?"

"हो आगा. ऐकलं."

"कुठून?"

"दक्षिणेकडून." वसंतात आणखी कुठून येणार?

आगांनी टोपी मागे सारली आणि तिच्याकडे बघितलं. आपण ह्यांना सांभाळून घेतलं, असं तिला वाटलं, आणि बरं वाटलं.

मग उत्तरेच्या कड्यामागून — समोरच्या वाऱ्याला कंटाळून माघारी वळलेले — ते वर आले. पिवळे गळे, निळी पोटं, उन्हात तांबूस पाठी, केवढं देखणं... आणि चोची उघड्या. चोची उघड्या, तरी आवाज नाही. थेट डोक्यावर आले तेव्हा कुठं तो तिला ऐकू आला, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखा पुसट.

कड्यापलीकडून ऐकलं ह्यांनी. ह्या वयात. आणि मी त्यांची कीव करत बसले होते.

"आगा, पण ती दाराची घंटा..."

"सुनेच्या मैत्रिणी येतात. कोण उठणार?"

अकमारलला हसू आलं. मग मागच्या वर्षी घरात सगळेच पुटपुटतात म्हणून आपणच चिडचिड करायचो, ते तिला आठवलं.

आगांनी पहिला बाउरसाक काढला, मोडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला. "राघू खरे. साक्ष खोटी," ते म्हणाले. "आता मोजणीत धरायचे कसे, तूच सांग."

तिनं बाउरसाकवर मूठ मिटली.

"डोळे मीट."

तिनं मिटले. अर्धा बाउरसाक मुठीत तसाच होता. वारा होता, ट्रक लांब गेला होता, आणि त्याच्यापलीकडं काही असेल तर ते आगांना ऐकू येत असणार, ह्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आपल्याला येईल का, हे मात्र तिला विचारवत नव्हतं. ती ऐकत राहिली.